मोगऱ्याचं पाणी तोडताना

तळपदे बाई लेकीकडे एडमंटनला गेल्या
तेव्हा चाव्यांच्या जुडग्यासोबत एक कागद देऊन गेल्या,
विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू,
तिच्यावर अकरा कुंड्यांची हजेरी.
‘थंडीत पाणी बेतानं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून बघा.
माती बोटाला लागली तर हात आखडता.’

थंडी म्हणजे माहीमला किती,
पहाटे अठरा अंश,
वॉचमन जोखनची माकडटोपी
आणि ऊन. एरवी ग्रिलशीच अडणारं ऊन
या दिवसांत कलून आत येतं
थेट फ्रिजच्या पायाशी.
मी त्याच्या मागोमाग कुंड्या सरकवत असतो.
नऊला क्रोटन, दहाला ओवा,
साडेअकराला कढीपत्ता,
मग माझी खुर्ची.

चाळीस वर्षं परळच्या लॅबमध्ये
मी लोकांच्या कवळ्या घडवल्या.
मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या,
बोटांना सगळं ठाऊक. माती तेवढी नाही.
पहिले पंधरा दिवस रोज तांब्या ओतला.
मनीप्लांट पिवळा पडला, तर आणखी ओतला.
उपटून पाहिलं, मुळं गिळगिळीत,
फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा वास.
कुणाला कळवलं नाही.
कागदावर त्याच्यापुढे बारीकशी फुली.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला,
पेरापेरांत पांढरा कापूस.
हे मात्र माझ्या खात्यातलं काम:
मऊ केसांचा ब्रश, साबणाचं पाणी,
दोन थेंब निंबोळीचं तेल,
वरून खाली, गोल गोल, हिरडीला न दुखवता.
पानांवर बसलेली खोदकामाची धूळ
जुन्या बनियननं पुसली.
बनियन इतकं काळं झालं
की जाऊन आधी तोंड धुतलं.

मोगऱ्याच्या ओळीखाली दोन रेघा:
‘पौषात पाणी तोडा. पंधरा दिवस थेंब नको.
पानं सगळी काढा. दया करू नका.’
मी दिवस ढकलत राहिलो.
किंक्रांतीला चांगलं काम करू नये म्हणतात,
म्हणून तोच दिवस गाठला.
एकेक पान देठाशी खुडलं.
पेपरवर हिरवा ढीग,
कुंडीत नुसत्या काड्या.

त्या संध्याकाळी सौमित्रला फोन लावला, रोजच्यासारखा.
तो म्हणाला, बाबा, आठवड्यातून एकदा केलात तरी चालेल.
म्हटलं, हो, बरं.
फोन चार्जिंगला लावला.
भरलेलाच होता.

पंधरा दिवस तांब्या पालथा.
जाता-येता एखाद्या काडीला नखानं खरवडायचो,
आत हिरवं आहे ना.
होतं. एवढंसं.

माघात नर्सरीतल्या यासीनकडून शेणखत आणलं,
निंबोळी पेंड, कोकोपीट, मूठभर रेती.
हॉलमध्ये पेपर पसरून भेळेसारखं कालवलं.
भोकावर फुटक्या कपाची खापरी ठेवली,
माप घेताना दाबावी तशी
मुळांभोवती माती अंगठ्यानं बसवली.
मग पाणी.
मातीनं आवाज केला,
रात्रभर कोरड पडलेल्या घशातून
सकाळचा पहिला घोट उतरतो तसा.

आता फाल्गुन.
काड्यांच्या सांध्यांतून तांबूस कोंब फुटलेत
दुधाच्या दातांसारखे, वाकडे, घाईतले.
कळ्यांचं अजून काही खरं नाही.

काल तळपदे बाईंचा फोन आला. तिकडे उणे बावीस,
खिडकीशी ठेवलेली तुळस एका रात्रीत काळी पडली म्हणे.
इकडचं एकेका कुंडीचं विचारलं,
मनीप्लांटशी मी जरा खोकलो.
‘मोगऱ्याची पानं काढलीत?’
काढली.
‘सगळी?’

बुंध्याशी, कुंडीच्या काठाला टेकून
एक जुनं पान आहे, कडेनं करपलेलं.

सगळी, म्हटलं.